स्त्रीचें चित्र आणि स्त्रीचें वेतन

१

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सूत्राध्यक्षाचें एक प्रकरण आहे. राजाच्या सूतशाळेचें काम कोणत्या स्त्रियांकडून करून घ्यावें याची यादी तेथें दिली असून, विधवा, अपंग स्त्रिया, कन्या, संन्यासिनी, दंड फेडणाऱ्या स्त्रिया, वृद्ध राजदासी इत्यादिकांचा तींत समावेश केला आहे. वेतन कसें ठरवावें, या प्रश्नाचें ग्रंथकारानें दिलेलें उत्तर अगदीं रोखठोक आहे. सूत बारीक आहे, जाडें आहे कीं मध्यम आहे, आणि तें किती आहे, हें पाहून वेतन ठरवावें. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहींत त्यांस दासींकरवीं काम पोंचवावें. ज्या पहाटे सूतशाळेंत येतील त्यांचें सूत घेऊन वेतन चुकतें करावें. तेथें दिवा असावा तो केवळ सूत तपासण्यापुरता. त्या स्त्रीच्या मुखाकडे जो अधिकारी पाहील किंवा कामाखेरीज दुसरें कांहीं बोलेल त्यास पूर्वसाहसदंड, आणि वेतन देण्यास जो विलंब करील त्यास मध्यमसाहसदंड सांगितला आहे.

या विधानावरून कौटिल्य हा स्त्रीपुरुषसमतेचा पुरस्कर्ता होता असा निष्कर्ष काढणें साहसाचें होईल. त्याची दृष्टि राजकोशाकडे व शिस्तीकडे होती, यांत संशय नाहीं. तथापि एक तत्त्व त्यांतून निष्पन्न होतें, व तेंच प्रस्तुत लेखाचें माप म्हणून आम्ही घेणार आहोंत : वेतनाच्या वेळीं सूत पाहावें, मुख पाहूं नये.

गेल्या सुमारें दीडशें वर्षांत महाराष्ट्रांतील स्त्री घराबाहेर पडून रुग्णालयांत, न्यायालयांत, रंगभूमीवर, गिरणींत, कचेरींत व कारखान्यांत काम करूं लागली. तिच्या कामाचें मोल ठरवितांना मात्र बहुतेक ठिकाणीं सूत बाजूस राहिलें व मुखच पाहिलें गेलें. येथें मुख म्हणजे प्रत्यक्ष त्या स्त्रीचें मुख नव्हे. नाटकांनीं, वृत्तपत्रांनीं, चित्रपटांनीं व जाहिरातींनीं रंगवून लोकांच्या मनांत टांगून ठेवलेलें स्त्रीचें चित्र, असा आमचा अभिप्राय आहे. हें चित्र मनोरंजनापुरतें राहत नाहीं. तें हळूंहळूं पदनामांत, सेवानियमांत व पगाराच्या वहींत उतरतें, हें दाखविणें हा या लेखाचा हेतु. नवी मुंबईंतील रबाळे येथील औद्योगिक वसाहतींत स्त्रियांच्या कामाची जी वांटणी आज दृष्टीस पडते तिचें मूळ शोधूं गेल्यामुळें आम्ही या विषयाकडे वळलों. म्हणून प्रथम पूर्वेतिहास पाहून शेवटीं रबाळ्याकडे येऊं.

२

या चित्राचे आरंभींचे रंग १८८० नंतरच्या दशकांतील वृत्तपत्रांत व नाटकांत सांपडतात. १८८१ सालीं सुरतेस एका ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला होऊन तिला प्रथम फांशीची शिक्षा झाली. पुढें ती कमी करण्यांत आली. या प्रसंगावरून एका स्त्रीच्या अपराधाचें खापर समग्र स्त्रीजातीच्या माथीं फोडणारें लिखाण वृत्तपत्रांत येऊं लागलें. पुण्याचें ‘पुणेवैभव’ हें त्यांतील एक. त्या लिखाणास उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं पुण्यास ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक छापून प्रसिद्ध केलें. ताराबाईंचा रोख केवळ वृत्तपत्रांवर नव्हता. त्या काळीं लोकप्रिय असलेल्या नाटक-कादंबऱ्यांतून व कथांतून स्त्रियांचें जें वर्णन येई त्याचीहि त्यांनीं झडती घेतली, आणि जे दोष स्त्रियांच्या नांवें लिहिले जातात तेच पुरुषांत अधिक नाहींत काय, असा सवाल केला. लेखणी ज्याच्या हातीं असते तो दुसऱ्याचें चित्र आपल्या सोयीनें काढतो, ही गोष्ट आपल्या भाषेंत इतक्या स्पष्टपणें मांडणारें हें फार जुनें लिखाण होय. जोतीराव फुले यांनीं ‘सत्सारा’च्या १८८५ च्या अंकांत त्याचा कैवार घेतला, परंतु एकंदर सुशिक्षित वर्गानें त्याची फारशी दखल घेतली नाहीं, आणि पुढें सुमारें शतकानें, १९७५ सालीं, स. गं. मालशे यांनीं त्याचें पुनर्मुद्रण केलें तेव्हां तें पुन्हां अभ्यासकांच्या हातीं आलें.

१८८४ सालीं पुण्यास मुलींचें हायस्कूल निघालें. हुजूरपागा या नांवानें तें सर्वांस परिचित आहे. तेथील अभ्यासक्रम हिंदु स्त्रीस साजेसा आहे कीं नाहीं, हा वाद १८८७ च्या सुमारास ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून जोरानें झाला, व तो आमच्या वाचकांस विदित आहेच. वादांत पक्ष व प्रतिपक्ष असतो, प्रमाणें द्यावीं लागतात. प्रहसनास प्रमाण द्यावें लागत नाहीं. १८८६ सालीं नारायण बापूजी कानिटकर यांनीं ‘तरुणी-शिक्षण-नाटिका’ लिहिली. स्त्रीशिक्षण व स्त्रीस्वातंत्र्य यांचें भविष्य कथन करणें हा तिचा उद्देश तिच्या उपशीर्षकांतच सांगितलेला आहे. शिकलेली तरुणी घरकाम टाकून देईल, स्वैर होईल, पुरुषांवर हुकूम चालवील, हें ते भविष्य. या नाटिकेमागून तशाच धर्तीचीं प्रहसनें पुष्कळ आलीं, व ‘शिकलेली बाई’ हा मराठी विनोदाचा एक ठरलेला विषय होऊन बसला.

आतां त्याच १८८६ सालांतील दुसरी एक घटना पाहावी. त्या वर्षाच्या मार्चांत आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी संपादन केली, आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रीविभागाची व्यवस्था पाहण्यासाठीं त्यांची नेमणूक झाली. स्त्रियांस स्त्री-वैद्य मिळाले पाहिजेत, हें पंडिता रमाबाईंनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना आग्रहानें सांगितलें होतें. म्हणजे ज्या वर्षीं शिकलेल्या स्त्रीचें काल्पनिक भविष्य रंगभूमीसाठीं लिहिलें गेलें, त्याच वर्षीं तिचें प्रत्यक्ष वर्तमान एका संस्थानाच्या नेमणुकीच्या हुकमांत नमूद झालें. आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारींत वारल्या व त्यांच्या हातून तें काम घडलें नाहीं. त्यांच्या मागून डॉक्टर रखमाबाई यांनीं १८९४ सालीं वैद्यकाची पात्रता मिळवून सुरत व राजकोट येथें सुमारें पस्तीस वर्षें रुग्णसेवा केली. या दीर्घ सेवेवर कोणी नाटक लिहिल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. भविष्याला प्रेक्षक मिळाले; वर्तमानाला मिळाले नाहींत.

या चित्राचा रोजगारावर परिणाम कसा होतो याचें एक उदाहरण न्यायालयाच्या दारांत दिसतें. नाशिक येथें जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ सालीं ऑक्सफर्ड येथें कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र त्यांच्या हातीं १९२२ सालीं पडली, कारण १९२० पर्यंत तें विद्यापीठ स्त्रियांस पदवीच देत नव्हतें. हिंदुस्थानांत स्त्रियांस वकिलीचा हक्क देणारा कायदा १९२३ सालीं झाला. परीक्षा व सनद यांच्या दरम्यान एकतीस वर्षें गेलीं. या काळांत विद्या कमी पडली नव्हती. बाई कोर्टांत उभी राहणार म्हणजे कसें दिसणार, हा प्रश्न आडवा येत होता. आणि दिसणें हा सर्वथा चित्राचाच विषय आहे.

३

चित्र काढणाऱ्या कारखान्यांतच स्त्रीस प्रवेश नव्हता, ही गोष्ट या इतिहासांत फार महत्त्वाची आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत पहिल्याच अध्यायांत अशी कथा आहे कीं, कैशिकी वृत्ति पुरुषांकडून साधेना म्हणून ब्रह्मदेवानें अप्सरा निर्माण करून त्या भरताच्या स्वाधीन केल्या. म्हणजे आपल्या प्राचीन नाट्यपरंपरेनें स्त्रीस रंगभूमीचा अधिकार मूळापासून दिलेला आहे. अर्वाचीन मराठी रंगभूमीची स्थिति याच्या उलट होती. १८८० सालीं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलें तेव्हांपासून बालगंधर्वांच्या वैभवकाळापर्यंत नामांकित मंडळ्यांतून नायिकेचें काम पुरुषांनींच केलें. त्या कलावंतांचें गुणगौरव करण्यांत आम्ही कोणाच्या मागें नाहीं. परंतु याचा परिणाम काय झाला तो पाहावा. स्त्रीनें चालावें कसें, बोलावें कसें, लाजावें कसें, शालू नेसावा कसा, याचा आदर्श पुरुषानें घालून दिला आणि घरोघरच्या स्त्रियांनीं तो गिरवला. जिचें अनुकरण करावयाचें तीच अनुकरण करूं लागली.

स्त्रियांच्या स्वतंत्र नाटकमंडळ्या त्या काळींहि होत्या. परंतु नाटकांत काम करणारी स्त्री कुलीन नव्हे, असा समज दृढ असल्यामुळें त्यांस प्रतिष्ठित मंडळ्यांची बरोबरी मिळाली नाहीं. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटांत तारामतीच्या कामासाठीं स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नांवाच्या तरुणास तें काम द्यावें लागलें; एका उपाहारगृहांत काम करीत असतां फाळक्यांस तो आढळला होता. त्यापुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं. १९३३ च्या जुलैंत नाट्यमन्वंतर या संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक केलें, त्यांत ज्योत्स्ना भोळे प्रभृति स्त्रियांनीं स्त्रीभूमिका केल्या, व तेथून ही रूढि मोडत गेली. १८८० पासून मोजलें तर त्रेपन्न वर्षें झालीं. एवढ्या अवधींत स्त्रीचें चित्र निर्माण करण्याच्या धंद्यांत स्त्रीस वेतनहि नव्हतें व मतहि नव्हतें.

स्त्री रंगभूमीवर आली म्हणून चित्र एकदम पालटलें असेंहि नाहीं. १९४२ सालीं मो. ग. रांगणेकर यांचें ‘कुलवधू’ नाटक आलें व अतिशय गाजलें. त्यांतील भानुमती ही चित्रपटांत काम करून कीर्ति व पैसा मिळविणारी स्त्री आहे, आणि तिचा उत्कर्ष पतीस सहन होत नाहीं. नाटककारानें तिच्याविषयीं सहानुभूति दाखविली आहे, हें प्रांजलपणें मान्य केलें पाहिजे. तथापि नाटकाचें नांव पाहावें. तिच्या थोरवीचा निवाडा शेवटीं सासरच्या घरांत, कुलवधू म्हणून होतो. तिच्या कामाच्या गुणावर होत नाहीं. १८८६ च्या प्रहसनांत कमावती स्त्री हास्यास्पद होती, १९४२ च्या नाटकांत ती वंदनीय झाली. पण कमाई ही तिची खरी ओळख नव्हे, ही समजूत दोहोंकडे समानच राहिली.

४

आतां गिरणीकडे वळूं. १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि कोंकण व देश येथून आलेल्या पुरुषांबरोबर स्त्रियाहि गिरणींत लागल्या. त्यांचीं खातीं ठरलेलीं होतीं : सूत गुंडाळण्याचें वाइंडिंग व लडी करण्याचें रीलिंग. त्यांवर देखरेख करणारी नाईकीण असे. अर्थशास्त्रांतील सूतशाळा व गिरणींतील रीलिंग-खातें यांत काम एकाच जातीचें होतें. वेतनाचें तत्त्व मात्र निराळें झालें. येथेंहि मजुरी बहुधा कामाच्या वजनावर मिळे. परंतु अधिक पगाराच्या साच्यांवर स्त्रीस जाऊं देत नसत. सूत मोजलें जाई खरें, पण कोणतें सूत तिच्या हातीं द्यावयाचें तें मुख पाहून आधींच ठरलेलें असे.

मुंबईचे सर्वांत जुने कामगार-पुढारी व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं साप्ताहिक सुटीच्या मागणीसाठीं १८९० च्या एप्रिलांत मुंबईंत सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरविली. या सभेंत दोन स्त्री-कामगारांनीं भाषणें केलीं. पुढें जूनमध्यें रविवारची सुटी मान्य झाली. दहा हजारांच्या समुदायापुढें उभें राहून बोलणाऱ्या या स्त्रिया १८९० सालीं मुंबईंत होत्या. त्या वेळच्या नाटक-कादंबऱ्यांत त्यांच्यासारखी स्त्री शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं. शिकलेल्या स्त्रीचें चित्र विकृत काढलें गेलें, व कष्टकरी स्त्रीचें काढलेंच गेलें नाहीं. दोहोंचा परिणाम एकच झाला. पहिलीस काम करण्याचा अधिकार सिद्ध करीत बसावें लागलें, आणि दुसरी काम करीत असतांहि तिचें काम दिसेनासें झालें.

१८९१ च्या कायद्यानें गिरणींतील स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा घातली. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय परिषदेनें स्त्रियांच्या रात्रपाळीस बंदी करणारा ठराव केला व हिंदुस्थानानें तो मान्य केला. १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत प्रसूतिसाहाय्याच्या बिलास डॉक्टर आंबेडकरांनीं पाठिंबा दिला. राष्ट्राच्या हितासाठीं मातेस विश्रांति मिळाली पाहिजे व तिचा भार मालकानें व सरकारनें उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ सालीं तो कायदा झाला. हीं सर्व पाउलें हितकारक होतीं. अकरा तासांची मर्यादा ज्या स्त्रीस मिळाली तिचें कल्याणच झालें. तथापि ज्या समाजांत स्त्री म्हणजे मूळची घरची, गिरणींत तात्पुरती आलेली, असें चित्र रुजलेलें होतें, तेथें संरक्षणाचेंच निमित्त करून तिला वगळणें सोपें गेलें. पुढें यंत्रें सुधारलीं व कामगार कमी करण्याची वेळ आली तेव्हां स्त्रियांच्या खात्यांवर प्रथम गदा आली. तिची मजुरी म्हणजे घराला हातभार, पुरुषाची मजुरी म्हणजे घराचा आधार, हें त्यामागील गृहीत. ज्या विधवेच्या मजुरीवरच घर चालत होतें तिला हें गृहीत कोणी विचारून लावलें नव्हतें.

‘हातभार’ हा शब्द आमच्या भाषेंत प्रेमाचा आहे. पगाराच्या वहींत मात्र तो एक वजावट होऊन बसला. आमच्या शिरगणतींत घरकाम करणारी स्त्री काम न करणाऱ्यांच्या सदरांत पडते. तेंहि याच चित्राचें सरकारी रूप होय.

५

स्वातंत्र्योत्तर काळांत राज्यघटनेच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदानें समान कामास समान वेतन हें धोरण सांगितलें, व १९७६ सालीं त्याप्रमाणें कायदा झाला. चित्र मात्र कायद्याहून चिवट निघालें. त्याचीं मुंबईंतील दोन उदाहरणें सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरांत कायमचीं नोंदलेलीं आहेत.

पहिलें विमानसेविकांचें. एअर इंडियाच्या तत्कालीन नियमांप्रमाणें विमानसेविकेस पस्तिसाव्या वर्षीं निवृत्त व्हावें लागे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, किंवा पहिलें गर्भारपण आल्यास, त्यापूर्वींच नोकरी जाई. त्याच विमानांत प्रवाशांची व्यवस्था पाहणारा पुरुष अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरींत राही. काम पाहिलें तर दोघांचें पुष्कळसें सारखेंच. भेद पडला तो कोठून? जगभरच्या विमानकंपन्यांनीं जाहिरातींतून विमानसेविकेचें एक चित्र लोकांपुढें ठेविलें होतें : तरुण, अविवाहित, सदा हंसतमुख. त्या चित्रास जें वय बसत नाहीं तें वय सेवानियमांत निवृत्तीचें वय झालें, व जी अवस्था त्या चित्रांत शोभत नाहीं ती नोकरी जाण्याचें कारण झाली. जाहिरात व नियम यांचा इतका उघड संबंध दुसरीकडे क्वचितच सांपडेल. १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गर्भारपणाचा नियम रद्द केला, आणि वयोमर्यादा वाढविणें न वाढविणें हें व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोंपविणारी तरतूदहि रद्द केली. मात्र चार वर्षें विवाह न करण्याची अट ग्राह्य धरली. चित्राचा एक भाग पुसला गेला, एक राहिला.

दुसरें उदाहरण कचेरींतील. मॅकिनन मॅकेंझी या जहाजव्यवसायांतील जुन्या कंपनीच्या मुंबईच्या कचेरींत लघुलेखक पुरुष व लघुलेखक स्त्रिया यांच्या पगारांत अंतर होतें. स्त्रियांचें पदनामच निराळें : ‘गोपनीय लेडी स्टेनोग्राफर’. कंपनीचें म्हणणें असें कीं, हा वर्ग निराळा, सबब पगार निराळा. १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा युक्तिवाद फेटाळला. काम तेंच असतां नांव निराळें दिल्यानें वेतन कमी करतां येत नाहीं, आणि कंपनीची आर्थिक ओढाताण हीहि सबब होऊं शकत नाहीं, असा निर्णय झाला. येथें वाचकांनीं ‘लेडी’ या एका शब्दाकडे लक्ष द्यावें. साहेबाच्या खोलीबाहेर बसणारी टंकलेखिका हा व्यंगचित्रांचा व चित्रपटांचा किती काळ ठरीव विषय होता, हें सर्वांस स्मरत असेल. त्या चित्रांत ती लघुलेखन करतांना सहसा दिसत नाहीं. ती कचेरीची शोभा असते. ‘लेडी’ हा शब्द त्या चित्राचा पदनामांतील अवशेष होय, आणि पगारांतील तूट ही त्याची किंमत.

अभियांत्रिकीच्या क्षेत्रांत तर दार उघडण्यापूर्वींच पाटी लागलेली असे. १९७४ सालीं पुण्याच्या टेल्को कारखान्याच्या जागांसाठीं निघालेल्या जाहिरातींत स्त्रियांनीं अर्ज करूं नयेत अशी सूचना होती. त्या वेळीं बंगळूरास शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनीं जे. आर. डी. टाटा यांस पत्र पाठवून त्याचा निषेध केला, त्यांस मुलाखतीस बोलावणें आलें व त्या तेथें नोकरीस लागल्या. ही हकीकत त्यांनींच लिहून ठेवली आहे. एका पत्रानें पाटी निघाली. म्हणजे त्या पाटीमागें यंत्रशास्त्राचें कांहीं कारण नव्हतें, हें उघड झालें.

६

येथें एक आक्षेप संभवतो. वेतनांतील विषमतेस शिक्षणाचा अभाव, बाळंतपण, घरचा भार, संघटनेची उणीव अशीं कितीएक कारणें असतां सर्व दोष नाटकांवर व जाहिरातींवर लादणें युक्त आहे काय? आमचें उत्तर असें कीं, सर्व दोष त्यांवर लादावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु इतर कारणांस चित्र हें बळ पुरवितें. घरचा भार दोघांवर पडूं शकतो. तो एकीवरच पडणें स्वाभाविक आहे, हें चित्र शिकवितें. रज्जुसर्पन्याय आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. दोरी ही साप नव्हे हें खरें. परंतु अंधारांत तिला पाहून पळणारा माणूस खराच पळतो व पडला तर खराच जखमी होतो. आरोप मिथ्या असला तरी त्याचा परिणाम सत्य असतो.

दुसरा आक्षेप असा कीं, चित्रें समाजास घडवितात कीं समाज चित्रांस घडवितो? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें क्रम पाहतां १८८६ सालीं शिकलेल्या स्त्रिया हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यांचें प्रहसन तयार होतें. ज्या वस्तूचा अनुभव समाजास अद्याप नाहीं तिचें चित्र आधीं आलें, व पुढें ती वस्तु प्रत्यक्ष आली तेव्हां लोकांनीं तिला त्या चित्रावरून ओळखलें. म्हणून या बाबतींत तरी चित्र पुढें व अनुभव मागें, असेंच म्हणावें लागतें.

७

आतां रबाळ्याकडे येऊं. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगररांगेच्या अलीकडे, हें गांव आहे. भातशेती, मिठागरें व मासेमारी हा या पट्ट्यांतील आगरी व कोळी लोकांचा जुना निर्वाह. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेनें कारखाने उभे राहिले. १९७० सालीं सिडको स्थापन होऊन भोंवतालच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेतल्या गेल्या. २००४ सालीं ठाणें-वाशी लोहमार्ग सुरू होऊन रबाळे हें स्थानक झालें. शेजारीं ऐरोलीस संगणकाच्या कामाच्या मोठमोठ्या इमारती आहेत.

या जुन्या वस्तींतील कोळीण हीच आमच्या विषयाचें एक उत्तम प्रमाण आहे. कोळ्यानें मासळी आणावी व कोळणीनें ती विकावी, भाव ठरवावा, पैसा हातीं ठेवावा, ही कोळी समाजाची रीत. म्हणजे जिला व्यापारी म्हणावें अशी ही स्त्री. नाटक-चित्रपटांनीं तिला काय म्हणून दाखविलें? डोक्यावर पाटी, अंगावर दागिने, नाचाचा ठेका आणि भांडखोर जीभ. तिचा हिशेब कोणी दाखविला नाहीं. जमिनी गेल्या, खाडी बिघडली, आणि या घरांतील मुली कारखान्याच्या दारीं आल्या, तेव्हां पिढीजात व्यापार करणाऱ्या स्त्रियांच्या लेकी म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिलें नाहीं. ‘लेडीज हेल्पर’ म्हणून पाहिलें. औद्योगिक वसाहतींतून फिरतांना पॅकिंगसाठीं मुली पाहिजेत, यंत्रावर मात्र पुरुष पाहिजेत, अशा आशयाचे फलक आम्हीं अनेकदां वाचले आहेत. स्त्रीचीं बोटें नाजूक, म्हणून तिनें डबे भरावे, बाटल्या तपासाव्या, बारीक भाग जुळवावे, असें याचें समर्थन ऐकूं येतें. बोटें जर कौशल्याचीं असतील तर त्या कौशल्यास कुशल कामगाराचा दर कां नसावा, या प्रश्नास मात्र उत्तर मिळत नाहीं. गुण सांगावयाचा निसर्गाचा आणि दर द्यावयाचा अकुशलाचा, अशी ही रीत आहे.

वेळेच्या नियमांतहि तेंच दिसतें. १९४८ च्या कारखाने-कायद्यानें स्त्रियांचें काम सकाळीं सहा ते सायंकाळीं सात एवढ्या वेळेपुरतें मर्यादित केलें होतें. २०१७ च्या महाराष्ट्रांतील दुकानें व आस्थापनांच्या कायद्यानें ही मर्यादा कचेऱ्यांपुरती रात्रीं साडेनऊपर्यंत नेली, व त्यापुढें स्त्रीची संमति व संरक्षणाची तजवीज असल्यास काम करण्याची मुभा दिली. २०२० सालीं संसदेनें संमत केलेल्या संहितेंत कारखान्यांसहि संमतीचें हेंच तत्त्व लागू केलें आहे. एवढ्यावरून लक्षांत येईल कीं, रात्र ही एकच असतां ती संगणकापुढें बसणाऱ्या स्त्रीस एक व यंत्रापुढें उभ्या राहणाऱ्या स्त्रीस दुसरी ठरली होती. रस्ता अंधारा असेल तर दिवे लावावे, वाहन द्यावें. हा उपाय कायद्यानें उशिरां स्वीकारला. तोंवर रात्रपाळीचा वाढीव पैसा व त्या पाळींत शिकतां येणारें यंत्रकाम, दोन्ही पुरुषाकडे राहिलीं, आणि मग स्त्रीस यंत्राचा अनुभव नाहीं हें तिच्याच विरुद्ध प्रमाण म्हणून दाखविण्यांत आलें.

८

चित्र बदलतां येतें, याचींहि प्रमाणें आहेत. आम्हीं आयुष्य शाळेंत घालविलें असल्यामुळें पाठ्यपुस्तकाचें उदाहरण आम्हांस विशेष जवळचें वाटतें. २०१९ सालीं बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या पुस्तकांत स्त्री व पुरुष दोघेहि घरकाम करीत असल्याचीं चित्रें छापलीं गेलीं. २०२२ सालीं मुंबईच्या जाहिरात-मानक परिषदेनें स्त्रीपुरुषांविषयींच्या हानिकारक ठोकळेबाज चित्रणास आळा घालणारे नियम प्रसिद्ध केले. २०२३ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें न्यायाधीशांसाठीं एक पुस्तिका काढून, निकालपत्रांत स्त्रियांविषयीं कोणते शब्द टाळावे व त्यांऐवजीं कोणते वापरावे याची यादीच दिली. ज्या न्यायालयानें १९८१ सालीं अर्धें चित्र पुसलें, त्यानें बेचाळीस वर्षांनीं आपल्या लेखणींतील चित्र तपासावयास घेतलें, ही प्रगति होय.

इतिहासमंडळाचें काम निराळें व तितकेंच निकडीचें आहे. राजांचीं फर्मानें व सरदारांचीं कागदपत्रें आम्हीं जिवापाड जपलीं. गिरण्या बंद पडल्या तेव्हां रीलिंग-खात्याच्या मजुरीच्या वह्या रद्दींत गेल्या, त्या मात्र कोणीं उचलल्या नाहींत. रबाळ्याच्या पट्ट्यांतील पहिल्या पिढीच्या कारखान्यांपैकीं कितीएक बंद होऊन त्यांच्या जागीं नव्या इमारती आल्या आहेत. त्यांच्या हजेरीपटांची गतिहि तीच होणार. म्हणून आमची सूचना अशी कीं, मंडळाच्या ठाणें जिल्ह्यांतील सभासदांनीं पुढील वस्तु मिळतील तेथून गोळा कराव्या : हजेरीपट, पगाराच्या चिठ्ठ्या, नोकरीच्या जाहिराती, फाटकावरील फलकांचीं छायाचित्रें, सेवानियमांच्या जुन्या प्रती, आणि ज्या स्त्रियांनीं पहिल्या वीस-तीस वर्षांत तेथें काम केलें त्यांच्या तोंडच्या हकीकती. प्रत्येक कागदावर तीन गोष्टी पाहाव्या : पदनाम काय लिहिलें आहे, काम प्रत्यक्ष काय होतें, आणि दर काय दिला. या तीन रकान्यांच्या मेळावरून, सूत पाहून वेतन कोठें दिलें व मुख पाहून कोठें दिलें, हें अनुमानाशिवाय सिद्ध होईल.

ताराबाईंच्या पुस्तकास पुन्हां उजेडांत येण्यास सुमारें शतक लागलें, कारण तें जपून ठेवावें असें फार थोड्यांस वाटलें. रबाळ्याच्या वसाहतींत पहिल्या काळीं डबे भरणाऱ्या स्त्रिया आज वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्या हकीकती लिहून घेण्यास आमच्याजवळ तितका अवधि नाहीं.